मांगीलाल शेठ सांगतील तेव्हा

नरडाण्यात कुणाच्या मोबाईलला काही झालं की माणूस आधी मांगीलाल शेठकडे जातो आणि मग डोकं वापरतो. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, वैतागून म्हणते. मी इथल्या शाळेत पाचवीच्या वर्गावर आहे. नाव द्रौपदा, पण गावात मला सगळे अक्का म्हणतात. शेठ माझ्यापेक्षा चांगले दहा-बारा वर्षांनी मोठे, तरी तेही अक्काच म्हणतात. किती वेळा सांगितलं, मला म्हातारी करू नका म्हणून. ऐकतील तर शपथ.

स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. त्यांच्या वडिलांच्या काळी तिथे घड्याळं आणि रेडिओ मिळायचे, आता मोबाईल मिळतात. मागच्या बाजूला घर. आतून भंवरीबाई, म्हणजे शेठाणी, "जेवायला येताय ना?" म्हणून हाक मारतात, शेठ "आलोच" म्हणतात आणि येत नाहीत. कारण समोर कुणीतरी मोबाईल घेऊन बसलेलंच असतं.

शेठची एक पद्धत आहे. मोबाईल विकला की काम संपलं, असं त्यांच्यात नाही. खोका उघडायचा, काच चिकटवायची, सिम घालायचं, पोरांचे, जावयांचे नंबर भरायचे, अक्षरं मोठी करायची, आणि मगच मोबाईल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. याला ते 'चालू करून देणं' म्हणतात. खेड्यातली माणसं त्यासाठी धुळ्याचं मोठं दुकान सोडून यांच्याकडे येतात. आणि या चालू करून देण्यात एक गोष्ट ते न चुकता बंद करायचे, ती म्हणजे अपडेट. आपोआप येणारं अपडेट बंद, आणि ते आल्याची सूचनाही बंद. वर गिऱ्हाइकाला ताकीद द्यायची, "आपण कशालाच हात लावायचा नाही. घ्यायचं असेल तेव्हा मी सांगीन."

आता हे वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, तेही सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना उगाच नावं ठेवाल. काही वर्षांपूर्वी शेठनी हौसेनं बाजाराच्या दिवशी दुकानापुढे टेबल टाकलं आणि येईल त्याला फुकट अपडेट करून दिलं. आठवडा गेला नाही तोच एका मॉडेलच्या पडद्यावर हिरवी उभी रेघ यायला लागली. मग काय, रांगच लागली. भाजी विकणारा भाईदास तर पोरीच्या साखरपुड्याच्या दिवशी आला. पाहुण्यांचे फोन येत होते आणि पडद्यावर काही म्हणता काही दिसेना. "शेठ, बठ्ठं काम व्हई गयं मनं," सगळा निकाल लागला माझा, असं म्हणत पायरीवरच बसला. कंपनीनं हात वर केले. शेठनी स्वतःचा मोबाईल काढून भाईदासला दिला आणि त्या दिवसापासून अपडेट या शब्दाचीच धास्ती घेतली.

माझा राग एवढाच, की त्यांची धास्ती अख्ख्या गावाला लागली. अर्धं नरडाणं 'अपडेट उनं का शेठ?' म्हणजे आलं का, असं विचारून जगायला लागलं.

आता दिपमालाचं सांगते. ती आमच्या साक्षीची आई. साक्षी माझ्या वर्गात आहे, हुशार, बडबडी, पाढे म्हणताना हात नाचवणारी. तिला लहानपणापासूनचा साखरेचा आजार आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. साखर वाढली तर एक वेळ सावरता येतं, पण एकदम खाली गेली तर पोरगी बसल्या जागी गळून जाते, आणि कठीण गोष्ट अशी, की खाली चालल्याचं तिला स्वतःला कळतच नाही. वडील, राजदीप, सुरतेला यंत्रमागावर. घरी आजी, बेबाबाई, त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. दिपमाला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला. गेटच्या आत मोबाईल न्यायचा नाही, असा तिथला नियम. म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत आईला लेकीचं काहीही कळायचं नाही. ती बाई आठ तास खोके भरायची आणि जीव सगळा शाळेत.

धुळ्याच्या डॉक्टरांनी एका संस्थेकडून साक्षीला दंडावर लावायचा सेन्सर मिळवून दिला. नाण्याएवढी चकती. सोबत एक छोटं यंत्र होतं, ते दंडाजवळ धरलं की साखरेचा आकडा दिसायचा. पण ते धरायला कुणीतरी जवळ हवं. डॉक्टर म्हणाले, मोबाईलवर याचं ॲप घ्या, मग आकडा आपोआप दिसत राहील, खाली चालला तर मोबाईल ओरडेल, आणि तोच आकडा आईलाही तिच्या मोबाईलवर कुठेही बसून दिसेल. दिपमालानं कारखान्यातल्या साहेबांना सगळं सांगितलं. साहेब काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "ॲप चालू करून दाखवा, मी वरून परवानगी आणतो. टेबलावर मोबाईल ठेवा. पण नुसत्या सांगण्यावर नियम मोडता येणार नाही."

ती लगेच शेठकडे गेली. साक्षीसाठी एक मोबाईल तिनं त्यांच्याकडूनच घेतला होता, शेठनी नेहमीप्रमाणे चालू करून दिलेला. ॲप टाकायला गेले तर पडद्यावर आलं, मोबाईलची प्रणाली जुनी आहे, नवी आवृत्ती हवी. शेठनी कधी नव्हे ते अपडेट शोधायचं बटण दाबलं. मोबाईल म्हणाला, नवीन काही उपलब्ध नाही. मी तिथेच होते. माझं डोकंच फिरलं. एकजण म्हणतो जुनं आहे, दुसरा म्हणतो नवीन नाही, मग पोरीनं करायचं काय?

शेठचा पुतण्या अर्पित पुण्याला मोबाईल तपासून देणाऱ्या एका कंपनीत आहे. शेठनी त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काका, नवी आवृत्ती निघालीय केव्हाच," अर्पित म्हणाला. "पण ती जशीच्या तशी कुठल्याच मोबाईलमध्ये बसत नाही. मूळ सॉफ्टवेअर एका कंपनीचं. आतली चिप दुसरीची, ती आधी आपल्या चिपला जुळवून घेते. मग तुमच्या मोबाईलची कंपनी त्यावर आपला कॅमेरा, आपली बटणं, आपला थाट चढवते. तेही एका मॉडेलसाठी नाही, प्रत्येकासाठी वेगळं. महाग मॉडेल आधी, स्वस्त मागून."

"म्हणजे शाळेचा गणवेश," मी म्हटलं. "तागा एकाच गिरणीचा, पण शिंप्याला प्रत्येक पोराचं माप घ्यावं लागतं. आणि मोठ्या घरच्याचा आधी शिवून होतो."

तो हसला. "तसंच, अक्का."

"मग शिवून झाला की द्या ना. अडवून का ठेवता?"

"तपासावं लागतं. प्रत्येक सिमवर फोन लागतो का, बँकेचं ॲप उघडतं का, बॅटरी उतरते का. एवढं झाल्यावरही सगळ्यांना एकदम पाठवत नाहीत. आधी थोड्या लोकांना पाठवतात, त्यांचे मोबाईल नीट राहिले तर आणखी थोड्यांना. कुठे काही बिघडलं की थांबवतात, दुरुस्त करतात, पुन्हा पहिल्यापासून. एकाच गावात एकाला मिळतं, शेजारच्याला महिनाभरानं."

शेठनी माझ्याकडे बघून मान हलवली. "बघा अक्का. एवढ्या मोठ्या कंपन्या, त्या पण घाबरतातच."

त्या दिवशी मला त्यांचं पटलं. खोटं कशाला बोलू? घाईत आलेलं अपडेट आणि साक्षीचा सेन्सर, नको रे बाबा. शेठ दिपमालाला म्हणाले, "बेटा, आलं की पहिला तुझा मोबाईल. मी सांगतो." तिनं "बरं शेठ" म्हटलं, जय भीम केला, त्यांनीही केला, आणि ती कामावर गेली. मोबाईल घरी कपाटात जाऊन पडला.

आखाड गेला, श्रावण लागला. दिपमाला कारखान्यातून सुटली की येता येता दुकानासमोर थांबायची. "आलं का शेठ?" शेठ मनापासून सांगायचे, "नाही गं बेटा. आलं असतं तर कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर दिसलंच असतं. गावातले सगळे मोबाईल माझ्या हाताखालून जातात. एकावर नाही." बोलणं तंतोतंत खरं. ते रोज बघत होते. आणि ती रोज विश्वास ठेवत होती.

पोळ्याच्या तोंडावर साक्षी शाळेत पडली. मधल्या सुट्टीच्या आधी मी यंत्र धरून आकडा पाहिला होता, ठीक होता. सुट्टीत पोरी पाण्याच्या टाकीपाशी गेल्या, आणि एक जण धावत आली, "मॅडम, साक्षी बोलत नाहीये." मी गेले तर पोरगी भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे, बघत मात्र कुणाकडेच नव्हती. हात गार. कपाळावर घाम. पदराला बांधलेली ग्लुकोजची पुडी मी तिच्या गालात चोळली, थोडी थोडी, घाईत अर्धी पुडी जमिनीवर सांडली. काही वेळानं ती "मॅडम, तुम्ही रडताय का?" म्हणाली. तीस वर्षं झाली शिकवतेय, पोरांसमोर मी कधी रडले नव्हते.

संध्याकाळी दिपमालाला सांगितलं. ती ओरडली नाही, मला दोष दिला नाही. नुसती साक्षीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधत राहिली. मग म्हणाली, "अक्का, महिनाअखेरपर्यंत बघते. नाही झालं तर काम सोडते. पोरीजवळ कुणीतरी हवं." काम सोडलं तर इन्सुलिन कशातून आणायचं, हे तिलाही माहीत होतं, मलाही. पण असल्या वेळी आईला काय शिकवायचं?

महिन्याचा शेवटचा दिवस बाजाराचा होता. सकाळी घाईत माझ्या हातून मोबाईल पडला आणि काच तडकली. तेच मॉडेल, साक्षीचं आहे तेच. फक्त मी तो भाचीच्या नादानं धुळ्याहून घेतला होता, त्यावरून शेठ माझ्यावर सहा महिने रुसले होते. मधल्या सुट्टीत मी दुकानात गेले.

"आमच्याकडून घेतला असता तर पडला नसता," शेठ म्हणाले.

"हो, तुमचे मोबाईल उडतात ना. बदला काच, मला वर्ग आहे."

काच बसवून झाल्यावर ते मोबाईल चाळून बघायला लागले, आणि बघता बघता त्यांचा हात थांबला. पडदा डोळ्यांजवळ नेला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "अक्का," ते म्हणाले, "याच्यावर तर नवी आवृत्ती आहे."

"असेल. श्रावणात कानबाईच्या सणाला काहीतरी सगळं बदललं होतं खरं. मला काय कळतंय त्यातलं."

 शेजारी दुरुस्तीला आलेले मोबाईल पडले होते, त्यातला एक शेठनी उचलला, आपणच विकलेला. बटण दाबलं. अपडेट उपलब्ध आहे. दुसरा उचलला. उपलब्ध आहे. मग स्वतःचा काढला. त्यातही होतं. गावातल्या सगळ्या मोबाईलवर ते येऊन बसलं होतं, आणि आल्याचं कुणालाच कळत नव्हतं, कारण कळण्याचं दार शेठनी प्रत्येक मोबाईलवर आपल्या हातानं लावून घेतलं होतं. गाव शेठच्या सांगण्याची वाट बघत होतं, आणि शेठ गावातल्या मोबाईलची.

मला काय संताप आला म्हणून सांगू. "शेठ," मी म्हटलं, "ती बाई रोज विचारत होती तुम्हाला. तुम्ही जगाला सांगता हात लावू नका, तुम्ही तरी लावायचा होता एकदा." आणखीही पुष्कळ बोलले. शेठ ऐकत उभे राहिले. दुकानात गिऱ्हाईक होतं, भंवरीबाई आतून बाहेर आल्या, सगळ्यांदेखत मी त्यांना फाडफाड बोलले. 

कानबाई आधी झाली आणि पोळा नंतर. हे माझ्या लक्षात आलं, पण ते मात्र मी बोलले नाही.

"दिपमाला कुठे आहे?" शेठनी विचारलं.

"आज राजीनामा द्यायला गेलीय."

बाजाराच्या दिवशी भरदुपारी शेठनी शटर खाली ओढलं. त्यांच्या दुकानात असं कुणाच्या मयतीलाही झालं नव्हतं. स्कूटर काढून ते बेबाबाईंकडून मोबाईल घेऊन थेट माझ्या वर्गात आले. त्यात स्वतःच्या पैशानं रिचार्ज मारला आणि टेबलावर अपडेट सुरू केलं. पडद्यावरची पट्टी इतकी हळू सरकत होती की पोरं गणितं सोडून तीच बघत बसली. मीही रागावले नाही. मोबाईल बंद झाला, पुन्हा सुरू झाला, शेठनी डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ हलत होते. मग ॲप उघडलं. साक्षीनं दंड जवळ आणला. आकडा आला.

मुख्याध्यापकांना वर्गावर बसवून मी शेठच्या स्कूटरवर मागे बसले आणि कारखान्याच्या गेटवर गेले. गाव बघत होतं, बघू दे. साहेब बाहेर आले, मागून दिपमाला. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला, तिला वाटलं साक्षीला काही झालं. मी लांबूनच ओरडले, "पोरगी वर्गात आहे, गणित सोडवतेय."

शेठ साहेबांपुढे उभे राहिले. हा माणूस गल्ल्यावरून कधी उठत नाही, उभ्यानं कुणाशी बोलत नाही. म्हणाले, "साहेब, ही बाई मला रोज विचारत होती, मी रोज नाही म्हणत होतो. अपडेट कधीचं आलं होतं. मी तिच्या मोबाईलवर ते बंद करून ठेवलं होतं. चूक माझी आहे. तिचं काम जाऊ देऊ नका." मग दिपमालाकडे वळले आणि हात जोडले.

तिला काय करावं कळेना. वडिलांच्या वयाचा माणूस हात जोडून उभा. तिनं पटकन पुढे होऊन त्यांचे हात खाली केले. वॉचमननं तिचा मोबाईल आणून दिला, शेठनी त्यात नुसता आकडा दाखवणारं ॲप जोडून दिलं, ते जुन्या आवृत्तीवरही चालत होतं, आणि गेटबाहेर उभं राहून आम्ही चौघांनी साक्षीचा आकडा बघितला. साहेब म्हणाले, "कागद अजून माझ्या टेबलावरच आहे. फाडून टाकतो. परवानगी दोन दिवसांत आणतो." आणि आणली.

दुसऱ्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहीत होते. टेबलावरचा साक्षीचा मोबाईल ओरडायच्या आधी माझा फोन वाजला. दिपमाला. "अक्का, साक्षीला बिस्किटं द्या. आकडा खाली यायला लागलाय." मी वळून बघितलं, साक्षी मजेत शेजारणीशी बोलत होती. बिस्किटं खाताना तिला कळेना, मॅडम एवढ्या जवळ येऊन का उभ्या आहेत. आईचा डोळा तीन किलोमीटरवरून पोरीपाशी पोचला होता, माझा मेलीचा चार हातांवरून पोचला नव्हता. मला इतकं बरं वाटलं, की शाळा सुटल्यावर मी घरी न जाता आधी दुकानात गेले.

शेठ दारातच बसले होते. येईल त्याचा मोबाईल घेऊन बंद केलेलं सगळं सुरू करून देत होते. भाईदास कुरकुरत होता, "मग आते कोनले इचारू शेठ?" आणि शेठ त्याला म्हणत होते, "मोबाईलच सांगेल तुला. मला विचारू नको."

मी बिस्किटांची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी आकडा विचारला, किती वेळात सावरली ते विचारलं. भंवरीबाईंनी चहा आणला. शेठनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"अक्का, एक सांगा. पोळ्याला ती पडली ना, तेव्हा अपडेट आलेलं होतं का?"

मी फटकळ बाई आहे. सरपंचाच्या तोंडावर बोलते, साहेबाच्या तोंडावर बोलते. पण त्या माणसानं कप तसाच खाली ठेवला आणि माझ्या उत्तरासाठी पुढे वाकला.

"नाही शेठ," मी म्हटलं. "माझ्या मोबाईलवर पोळ्यानंतर आलं."

त्यांनी माझा कप माझ्याकडे सरकवला.

"काच बसवताना मी अपडेटची तारीख पाहिली होती, अक्का," ते म्हणाले. "प्या, चहा गार होतोय."